किनाऱ्यावरचा एकमेव शर्ट

गेल्या जूनमधल्या एका बुधवारी सकाळी, क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या एका सुट्टीच्या वसाहतीत, धायरीचे दिनकर वानखडे यांच्याविरुद्ध तक्रार आली. वानखडे तेव्हा खडकावर एकटे बसले होते. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली पँट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाच्याही अंगावर कपडा नव्हता. एका पाहुण्या बाईंनी व्यवस्थापिकेला सांगितलं, की हा माणूस बराच वेळ कपडे घालून बसला आहे आणि लोकांकडे बघतो आहे, त्याला उठवा.

वानखडे माझे प्रवासी होते. तक्रार त्यांच्यापर्यंत पोचवणं माझं काम होतं.

ते काम काय असतं, हे आधी सांगते. मी बरीच वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात बातम्यांच्या टेबलावर होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं, कापायचं, मथळा द्यायचा. टेबलं कमी झाली तेव्हा बिबवेवाडीत मावसभावाच्या प्रवास कचेरीत बसू लागले. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. व्हिसाचे कागद, तिकिटं, विमा, हॉटेलं आणि "तिकडे सकाळी गरम पाणी येतं का" या प्रश्नाचं उत्तर, एवढा धंदा.

त्यात हा प्रकार शिरला तो हिंजवडीतल्या एका तरुणामुळे. कंपनीच्या कामाला जर्मनीत गेलेला असताना तो वाफेच्या स्नानगृहात पोहण्याची चड्डी घालून शिरला आणि तिथल्या माणसाने त्याला बाहेर काढलं. चड्डी काढून या, नाहीतर येऊ नका. "मॅडम, मला वाटलं जोक करतायत," तो सांगत होता. "मग बघितलं तर आत सगळे तसेच. आजोबा, आजी, एक बँकेतल्यासारखा माणूस. कुणाला काही पडलेलीच नव्हती." पुढच्या वर्षी त्याला बायकोबरोबर अशाच ठिकाणी सुट्टी घालवायची होती. इतर दोन कचेऱ्यांत त्याला हसू ऐकावं लागलं होतं. मी त्याचा प्रश्न बातमीसारखा घेतला. व्यवस्थापकांना पत्रं लिहिली, नियम मागवले, न पटलेलं पुन्हा विचारलं, आणि पहिले प्रवासी पाठवण्याआधी स्वतः जाऊन आले.

स्वतः जाऊन आले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर असं आहे: कामावर असताना मी कपडे घालते, व्यवस्थापकांची त्याला परवानगी असते. काम संपल्यावर नाही.

कचेरीत या सहलींना "मोकळी सहल" म्हणतात. नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं, कारण खरा शब्द उच्चारायची वेळ आली की त्यांचा आवाज गिरणीच्या आवाजाखाली जातो. ही ठिकाणं म्हणजे कुटुंबांच्या वसाहती असतात. लाकडी खोल्या, तंबू, किराणा दुकान, टेनिस, मुलांच्या घसरगुंड्या. लोक तिथे पाव आणतात, पत्ते खेळतात, दुपारी झोपतात, आणि हे सगळं कपड्यांशिवाय करतात. याहून जास्त काही घडत नाही. जास्त काही घडेल या आशेने आलेली माणसं कचेरीत लगेच ओळखू येतात. ती ठिकाणाविषयी विचारत नाहीत, तिथे कोण येतं ते विचारतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे जागा शिल्लक नसते. काहीजण गोव्याचं विचारतात. आपल्याकडे सार्वजनिक जागी हे करणं गुन्हा ठरू शकतं. गोव्याचं विचारणाऱ्याला आम्ही गोव्याचं तिकीट देतो, कपड्यांसकट.

प्रथम जाणाऱ्यांची भीती अंगाविषयी असेल असा माझा समज होता. पोट सुटलेलं आहे, पाय बारीक आहेत, वय झालं आहे. ती भीती असते, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिली भीती अशी, की पुण्यातलं ओळखीचं कोणी भेटलं तर? यावर मी सांगते की भेटलंच तर तेही तिथेच आलेले असतील. बहुतेकांना हे उत्तर पटायला रात्र जावी लागते. सकाळी फोन येतो.

पुरुषांचा एक प्रश्न वेगळा असतो. तो ते बसून विचारत नाहीत. निघताना, उभ्याने, दाराकडे बघत विचारतात. त्याचं उत्तर: तसं सहसा होत नाही. झालंच तर पालथं पडावं किंवा पाण्यात जावं. समुद्र थंड असतो.

बाकी सूचना साध्या आहेत. बसताना स्वतःचा टॉवेल खाली घालायचा, खुर्ची कोणाचीही असो. हा तिथला सगळ्यात कडक नियम, आणि आपली माणसं नेमकी इथेच चुकतात. जन्मभराची सवय अशी, की टॉवेल हातात आला की तो कमरेला गुंडाळला जातो. मन तयार असतं, हात ऐकत नाहीत. एका गटातले सगळेच्या सगळे पहिल्या सकाळी न्हाणीघरातून निघाल्यासारखे समुद्रावर उभे होते. म्हणून मी आता घरी सराव करायला सांगते. दार लावा, पडदे ओढा, टॉवेल खुर्चीवर पसरा, त्यावर बसून चहा प्या, पेपर वाचा. एखाद्या आठवड्यात हात शिकतात. जाड टॉवेलही नेऊ नका. आपला पंचा न्या, असं मी पूर्वी भीत भीत सुचवायचे. आता ठणकावून सांगते. घडी लहान होते, लवकर वाळतो, आणि तिकडच्या दोन व्यवस्थापकांनी तो कुठे मिळतो हे माझ्याकडे विचारलं आहे.

जिथे कधी ऊन पोचलेलं नाही तिथे उन्हाचं मलम जास्त लावायचं. फोन खोलीत ठेवायचा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, जसं इतर वेळीही बघावं. आणि तळण करायचं असेल तर कपडे घालायचे. हा नियम वसाहतीच्या पत्रकात नसतो. तो आम्ही एका भज्यांच्या प्रयोगानंतर घातला.

आणखी एक पद्धत मी पाडली. जोडप्यातल्या दोघांशी वेगवेगळं बोलते. एकदा एक बाई फोनवर हो म्हणाल्या होत्या, तेव्हा नवरा शेजारी बसला होता. तिथे पोचल्यावर त्या खोलीबाहेर आल्याच नाहीत. पूर्ण सुट्टी त्यांनी खिडकीतून समुद्र बघितला. त्या सहलीचं मला आजही वाईट वाटतं. ओढून नेलेल्या माणसाला मोकळं वाटत नाही.

वानखडे यांच्या बाबतीत ओढणारी बायको होती.

शोभाताई वानखडे पहिल्यांदा आल्या त्या एकट्या. मूळच्या अकोला जिल्ह्यातल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे लग्नानंतर पुण्यात आलेल्या, आता साठीच्या पुढे. पुण्यात एवढी वर्षं काढूनही बोलण्यातलं गाव त्यांनी पुसू दिलेलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज न उतरवता विषय काढला. त्यांची मुलगी म्युनिकला नोकरीला आहे. तिथल्या एका तळ्यावर लोक कपड्यांशिवाय पोहतात. तिने तिथे एक पाय नसलेला म्हातारा पाण्यात उतरताना पाहिला आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही, असं आईला फोनवर सांगितलं.

"तिथं कोणी कोणाले पाहत नाही म्हणते पोरगी," शोभाताई म्हणाल्या. "खरं हाय का?"

मी म्हटलं, बहुतेक खरं आहे. एखादा पाहतो. इतर लोक त्याला उठवतात.

मग त्यांनी कारण सांगितलं. दिनकरराव रंगाच्या एका कारखान्यात होते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे भडका उडाला आणि ते डाव्या खांद्यापासून कमरेच्या खालपर्यंत भाजले. उजव्या मांडीची कातडी काढून पाठीला लावली. जीव वाचला, नोकरीही राहिली. खांदा मोकळा राहावा म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. ती शिक्षा नव्हती, कारण पूर्णा नदीच्या पाण्यात वाढलेला हा माणूस. कामगारांच्या स्पर्धांमध्ये पोहून त्यांनी बक्षिसं आणली होती. घराजवळच्या तलावावर ते जाऊ लागले. थोड्या दिवसांनी कपडे बदलायच्या खोलीबाहेर पाटी लागली: "अंगावर व्रण, डाग अथवा त्वचेची तक्रार असणाऱ्यांनी इतरांचा विचार करून पाण्यात उतरावे."

पाटीवर नाव नव्हतं. नाव असतं तर भांडता आलं असतं, असं शोभाताईंचं म्हणणं. दिनकरराव ती पाटी वाचून घरी आले आणि पुन्हा कुठल्याच पाण्यात गेले नाहीत. खांदा हळूहळू धरत गेला. आता डावा हात कानापर्यंत जात नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, की अजून हालचाल सुरू केली तर सुटेल, आणखी थांबलात तर तसाच राहील. व्यायाम सांगितले, ते दोन दिवस करून सोडले. घरातसुद्धा ते शर्ट काढत नसत. शर्टाची डावी बाही रोज सकाळी शोभाताई चढवायच्या आणि रात्री उतरवायच्या.

"मले ह्यायले एकदा पाण्यात जाताना पाहाचं हाय," त्या म्हणाल्या. "मग बाकी कुठं नाही नेलं तरी चालते."

अंगभर पोशाख घालून पोहता येईल का, हे मी विचारलं. तो प्रयोग घरी घालून झाला होता. कापड खांद्यावर इतकं ताणलं जायचं की हात वर होईना, आणि कमरेचं रबर कलम केलेल्या कातडीवर घासायचं.

दिनकररावांशी मी ठरल्याप्रमाणे वेगळं बोलले. उंच, नीट दाढी केलेला, मोजकं बोलणारा माणूस. उकाड्याचे दिवस होते. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं होतं. तुम्हाला जायचं आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मी कपडे काढणार नाही. ती म्हणते म्हणून येतो. समुद्र बघीन, मासे खाईन." मी त्यांना नियम सांगितला: वसाहतीचे रस्ते, दुकान, उपाहारगृह इथे कपडे चालतात, समुद्रकाठी एक पाटी आहे, तिच्या खाली चालत नाहीत. पाटी शब्द ऐकून ते थोडं हसले. मग त्यांनी पारपत्राच्या प्रती टेबलावर ठेवल्या.

शोभाताईंची एकच अट होती. मुलगी तिथे येता कामा नये. "तिनं सुचवलं तेवढं बास."

त्या सहलीत आणखी एक जोडपं होतं, सदाशिव पेठेतले लिमये. सर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सरांनी निघण्यापूर्वी गंभीरपणे विचारलं होतं, की जानवं कपड्यात धरतात का. मी व्यवस्थापिकेला विचारून घेतलं. तिचं नाव यास्ना. तिने जानव्याचा फोटो मागवला, बघितला आणि दागिना म्हणून परवानगी दिली. मंगळसूत्राचा प्रश्न त्यातच निकाली निघाला.

पोचल्यानंतरच्या पहिल्या सकाळी लिमये सर जानवं, घड्याळ आणि चपला एवढ्यावर, खांद्यावर पंचा टाकून, पाव आणायला चालते झाले. बाई दारात गाऊन घालून उभ्या होत्या. त्यांनी सरांना वळणापर्यंत जाऊ दिलं आणि मग मला म्हणाल्या, "घरी दूध आणायला सांगितलं तर तयार व्हायला अर्धा तास लागतो यांना." बाई स्वतः दुपारी आल्या, छत्री घेऊन. छत्री उन्हासाठीच होती, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

शोभाताईंचा पहिला दिवस गाऊनमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी त्या खोलीबाहेरच्या पायरीवर भाजी निवडल्यासारख्या बसल्या होत्या, पण हातात भाजी नव्हती. समोरच्या तंबूतल्या एक वयस्क बाई दोरीवर टॉवेल वाळत घालत होत्या. त्यांना एकच स्तन होता. दुसऱ्या जागी आडवा व्रण. शोभाताईंनी आधी दुसरीकडे पाहिलं. वाऱ्याने टॉवेल खाली पडला तेव्हा त्या उठल्या, टॉवेल झटकून दिला आणि चिमटेही लावून दिले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बोलणं बराच वेळ चाललं.

त्याच दुपारी शोभाताई समुद्रावर आल्या. गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावर दुकानातून घेतलेली गवताची टोपी, बसायला पंचा, शेजारी काकडीचा डबा. कसं वाटलं असं मी विचारलं, कारण हे विचारणं माझ्या कामाचा भाग आहे.

"दोन बाळंतपणं झाली सरकारी दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "तवा कोणी इचारलं होतं का, कसं वाटते म्हणून? घ्या, काकडी घ्या."

दिनकरराव उपाहारगृहाच्या गच्चीवर बसत. तिथून समुद्र दिसतो, पण लांबून. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बायको खाली मजेत आहे हे ते वरून बघत होते. संध्याकाळी मी चौकशी केली तर म्हणाले, मासे चांगले आहेत.

बुधवारी सकाळी मी वरच्या कचेरीत परतीच्या बसची वेळ पक्की करत होते. तेवढ्यात यास्ना आली. ती आवाज चढवत नाही. तिने सांगितलं, की तुमच्या गटातले ते गृहस्थ पाटीच्या खाली खडकांवर जाऊन बसले आहेत, पूर्ण कपड्यांत. काळा चष्मा आहे. पाहुण्यांना अवघड वाटतं आहे. अशा माणसांचा त्यांना अनुभव आहे. कुंपणापलीकडून येतात, कपडे घालून बसतात आणि बघतात. हे तसे नसतील हे तिला समजत होतं. तरी त्यांनी एकतर वर यावं किंवा नियम पाळावा.

मी खाली गेले. दिनकरराव खरोखरच टक लावून बघत होते. चष्म्याची काच पाण्याच्या दिशेने होती. मी शेजारच्या खडकावर बसले आणि तक्रार जशी होती तशी सांगितली. मवाळ केली नाही, कारण मवाळ केलेली तक्रार दुसऱ्यांदा सांगावी लागते.

त्यांनी चष्मा काढला.

"माझ्याविरुद्ध?" त्यांनी विचारलं. "मी बघतो म्हणून?"

मी हो म्हटलं.

"बघत होतो, खरं आहे." त्यांनी पाण्याकडे हात केला. तिथे एक म्हातारे गृहस्थ किनाऱ्याला समांतर पोहत होते, खूप पाणी उडवत. "तो माणूस मान वर काढून श्वास घेतो. म्हणून दमतो. कडेला वळवायला पाहिजे. वरून नीट दिसत नव्हतं, म्हणून खाली आलो."

तक्रार करणाऱ्या बाई कोण, हे त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "त्या बाईंचं बरोबर आहे. कोणी बघत बसलं की कसं वाटतं, मला माहीत आहे." टोपी नीट करून ते उठले आणि चढावरून पाटीकडे निघाले.

वाटेत शोभाताई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कुठे निघाले. दिनकररावांनी दोन वाक्यांत सांगितलं: कपड्यांत बसलो म्हणून तक्रार झाली, वर जातो. शोभाताईंनी हातातली काकडीची फोड खाली ठेवली.

"तक्रार शर्टाची हाय ना?" त्या म्हणाल्या. "मग शर्टाले वर पाठवा. तुम्ही कायले जाता?"

दिनकरराव उभे राहिले. लिमये सर जवळच पंच्यावर पडले होते. ते उठून दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले. पाण्यातले गृहस्थ दमून काठाला लागले होते आणि खोकत होते.

दिनकररावांनी गळ्याचं बटण काढलं. मग पुढची. उजवी बाही त्यांनी स्वतः काढली. डावी अडकली. शोभाताई उठल्या, मागे गेल्या आणि रोजच्यासारखी ती बाही खांद्यावरून खाली घेतली. पँटची घडी दिनकररावांनी स्वतः घातली, इस्त्रीची रेघ जुळवून. टोपी आणि चष्मा तिच्यावर ठेवला. तो गठ्ठा मी उचलला आणि वर त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. ते माझं काम नव्हतं, पण दुसरं कोणी कपड्यांत नव्हतं.

परत आले तेव्हा ते गुडघाभर पाण्यात होते. पाठीवरची कातडी उन्हात चकाकत होती, काही ठिकाणी गुलाबी, काही ठिकाणी गडद. किनाऱ्यावर तेव्हा बरीच माणसं होती. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घेतलं. दोन मुली चेंडू खेळत होत्या. एकजण पुस्तक वाचत होता. तक्रार करणाऱ्या बाई पालथ्या झोपल्या होत्या. बघणाऱ्या फक्त शोभाताई होत्या, आणि मी.

कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर दिनकरराव थांबले. ओंजळीत पाणी घेऊन डाव्या खांद्यावर सोडलं. मग पुढे झुकले आणि दिसेनासे झाले. वर आले ते बऱ्याच पुढे. डावा हात वरून फिरत नव्हता, म्हणून ते उजव्या कुशीवर पोहत होते. एक हात पुढे जायचा, दुसरा पाण्याखालून रेटायचा. वेग फार नव्हता. पाणी मुळीच उडत नव्हतं.

शोभाताई पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या होत्या. त्यांना पोहता येत नाही. लाट पायावर आली की त्या मागे सरकत होत्या आणि लाट गेली की पुढे येत होत्या. त्या रडत होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "समुद्र खारट हाय म्हणतात, तसाच हाय."

दिनकरराव बाहेर आले ते थेट त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेले. भाषा एक नव्हती. त्यांनी स्वतःची मान कडेला वळवून तोंड उघडून दाखवलं, मग नाकाने हवा सोडून दाखवली. गृहस्थांना तिसऱ्यांदा समजलं. दोघं पुन्हा पाण्यात गेले. शोभाताईंनी पंचा पुढे केला होता, तो तसाच त्यांच्या हातात राहिला.

उरलेल्या दिवसांत दिनकररावांचे कपडे फक्त जेवणाच्या वेळी खोलीबाहेर आले. तक्रार करणाऱ्या बाईंनी गुरुवारी त्यांना सुप्रभात म्हटलं आणि त्यांनी उलट म्हटलं. आपण कोणाविरुद्ध तक्रार केली होती हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. शनिवारी परतीच्या बसमध्ये दिनकररावांनी सामान वरच्या फळीवर ठेवायला डावा हात उचलला. तो कानापर्यंत गेला नाही, पण खांद्याच्या वर गेला. लिमये बाईंनी ते पाहिलं आणि आपली बॅगही त्यांच्याकडे दिली.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी आता जे सांगते, त्यात या सहलीनंतर एका गोष्टीची भर पडली आहे. पूर्वी मी म्हणायचे, की नाही जमलं तर कपडे घालून पाटीजवळ कडेला बसा. आता तसं म्हणत नाही. कडेला बसलेल्याला सगळे बघतात. वेळ हवा असेल तर खोलीत घ्या, गच्चीवर घ्या, हवा तितका घ्या. कोणी मोजत नाही. पण पाटीच्या खाली जायचं तर इतरांसारखं जा. नंतर लोकांचं लक्ष चेंडूकडे, पुस्तकाकडे किंवा झोपेकडे असतं.

पुण्यात आल्यावर दिनकरराव धायरीतल्या त्यांच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेले आणि सुती कापडाची, रबराऐवजी रुंद सुती नाडीची पोहण्याची चड्डी शिवून घेतली. ती कमरेला घासत नाही. शोभाताई मला फोनवर म्हणाल्या, की चड्डीचा शोध लावायले ह्यायले समुद्रापार न्यावं लागलं. त्यांनी एका दुसऱ्या तलावावर नाव घातलं. पहिल्या दिवशी काय झालं, हे मी दिनकररावांना विचारलं होतं.

"एकाने विचारलं, काय झालं होतं. मी सांगितलं, भाजलं होतं. त्याने विचारलं, आता दुखतं का. म्हटलं, नाही. मग तो पोहायला गेला."

डॉक्टरांनी या महिन्यात त्यांचा हात पुन्हा तपासला. डावा हात कानाला लागतो. शर्टाची बाही ते स्वतः चढवतात. तलावावर ते एक दिवसाआड जातात. शोभाताईंनी त्याच तलावावर महिलांच्या वेळेत नाव घातलं आहे. त्यांनी अजून कडेची दांडी सोडलेली नाही.